जर्मनीला शिकायला जाताय? परमिट आणि पैशाचं आधी बघा

सगळ्यात आधी एपीएस सर्टिफिकेट (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) काढा, ते नसेल तर व्हिसाचं गाडं पुढे सरकतच नाही. मग ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं बँक खातं, त्यात सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि तिकडे गेल्यावर ते महिन्याला ९९२ असे हातात येतात, त्यामुळे पहिल्या महिन्यातलं डिपॉझिट, भाडं वगैरेसाठी वेगळे पैसे ठेवाच ठेवा, इथेच बरेच जण अडकतात.

पोचल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्ता रजिस्टर करायचा, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो द्यायला तयार नसेल तर ती खोली घेऊच नका. रेसिडेन्स परमिटची अपॉइंटमेंट मात्र लगेच मागा, मोठ्या शहरांत फार वाट बघावी लागते, आणि अर्ज व्हिसा संपायच्या आत गेलाच पाहिजे.

काम वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. डॉइचलांडस्टिपेंडियम या शिष्यवृत्तीमधून महिन्याला ३०० युरो मिळतात, परदेशी मुलांनाही, अर्ज आपल्या युनिव्हर्सिटीतच करायचा. मार्क चांगले असतील तर प्लीज भरा, लाजू नका!