येझीचे पेर्गोलेझी नाट्यगृह कसे पाहावे

उत्सवी संगीत नाटकांवर वाढलेल्या गोमंतकीय रसिकाला इटलीत ऑपेरा पाहायचा असेल, तर मिलानच्या तिकिटांसाठी आटापिटा न करता त्याने मार्के प्रदेशातील येझी गाठावे, असे मी सुचवीन. अंकोनाहून रोमकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच हे गाव लागते. ऑपेराचा हंगाम शरद ऋतूत असल्याने नाट्यगृहाचे वेळापत्रक पाहूनच प्रवासाची आखणी करावी.

निघण्यापूर्वी संगीतकार पेर्गोलेझीचा ‘ला सेर्व्हा पाद्रोना’ (१७३३) हा छोटा ऑपेरा ऐकावा. दोन गाणारी पात्रे आणि एक मूक नोकर एवढ्यावर उभी असलेली ही तासाभराचीही नसलेली रचना नवख्या कानाला जड जात नाही. तिचा कर्ता १७१० साली येझीतच जन्मला आणि अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारला. १७९८ मध्ये ‘कोंकोर्दिया’ म्हणून उघडलेल्या या नाट्यगृहाला १८८३ मध्ये त्याचे नाव मिळाले. जो ऑपेरा पाहणार, त्याचे कथानकही आधी वाचून ठेवावे. त्याने रसभंग होत नाही. सुभद्राहरणाचा शेवट ठाऊक असूनही आपण पहाटेपर्यंत बसतोच की!

जागा निवडताना मात्र आपली सवय बाजूला ठेवावी. आपल्याकडे पहिल्या रांगेतील खुर्ची मानाची, पण येथे रंगमंचासमोरच वाद्यवृंद बसतो. प्रेक्षागृह घोड्याच्या नालेच्या आकाराचे असून भोवती एकावर एक बॉक्स, म्हणजे मोजक्या जणांपुरते सज्जे, आहेत. बाजूच्या बॉक्समधून अर्धा रंगमंच झाकला जातो, कारण अशा बॉक्समध्ये बसणाऱ्या घराण्यांना नाटक पाहण्याइतकेच स्वतः दिसण्याचेही अगत्य असे. म्हणून रंगमंचाच्या समोरचा, मधला बॉक्स मागावा.

अर्धा तास आधी पोहोचून प्रथम वर पाहावे. फेलिचे जानी याने छतावर अपोलोच्या कथा रंगवल्या आहेत; १७४८ पासून पॉम्पेईचे उत्खनन सुरू झाल्यावर युरोपला प्राचीन ग्रीक-रोमन कलेची जी ओढ लागली, तिचाच हा आविष्कार आहे. लुइजी मांचीनीने १८५० मध्ये रंगवलेला दर्शनी पडदा सोडलेला असेल, तर तोही निरखावा. त्यावर सम्राट फ्रेडरिक दुसरा, जो ११९४ मध्ये याच गावी जन्मला, येझीत प्रवेश करताना दिसतो.

गायक ध्वनिक्षेपकाविना गातात, म्हणून गाणे चालू असताना आपली ‘वा!’ आवरावी आणि पद संपल्यावर मनसोक्त दाद द्यावी. गायकाला ‘ब्राव्हो’, गायिकेला ‘ब्राव्हा’ आणि अनेकांना मिळून ‘ब्राव्ही’ म्हणतात. क्वचित ‘बिस!’ अशी आरोळी उठते. तो आपलाच वन्समोअर.