अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाचा बारावीनंतरचा प्रवेश: कार्डावरची तारीख आधी वाचा

ज्या घरात डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण), डिस्ग्राफिया (लेखनाची) किंवा डिस्कॅल्क्युलिया (गणिताची) हे शब्द आधीच येऊन गेले आहेत आणि ज्यांचे मूल आता नववी ते बारावीच्या दरम्यान आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. निदान म्हणजे काय, हे येथे सांगणार नाही. नागपुरात बारा वर्षे अशा मुलांच्या प्रवेशाचे समुपदेशन करताना माझ्या लक्षात आले आहे की पालक कोणते कॉलेज चांगले याची चौकशी वर्षभर करतात आणि ज्या कागदावर सगळे अवलंबून असते तो, म्हणजे अक्षमतेचे शासकीय प्रमाणपत्र आणि कार्ड, प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात शोधतात.

पहिली पायरी: दहावीची गणिताची सवलत विचार करून घ्यावी

राज्य मंडळाच्या दहावीला या मुलांना नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची सवलत आहे. डिस्कॅल्क्युलिया तीव्र असेल तर ती अवश्य घ्यावी. परंतु ज्याची अडचण केवळ वाचनाची किंवा लेखनाची आहे, त्याला टक्के वाढतील म्हणून ही सवलत घ्यायला लावणे हा मला त्या मुलावर अन्याय वाटतो, कारण गुणपत्रिकेवर दहावीचे गणित उरत नाही आणि पुढे गणितावर उभ्या असलेल्या अभ्यासक्रमांच्या पात्रतेचा प्रश्न उभा राहतो. वाढीव वेळ आणि लेखनिक (मुलाने सांगितलेले उत्तर लिहिणारा मदतनीस) या सवलतींनी पुढचे कोणतेही दार बंद होत नाही. त्या निःसंकोच घ्याव्यात.

दुसरी पायरी: शाखा

‘आर्ट्सला टाका, सोपे असते’ हा सल्ला देणाऱ्यांनी बारावीच्या इतिहासाची उत्तरपत्रिका कधी पाहिलेली नसते. ज्या मुलाला वाचणे आणि लिहिणे हेच जड जाते, त्याला सर्वाधिक वाचन आणि दीर्घोत्तरे असलेल्या शाखेत पाठवण्यात कोणते शहाणपण आहे, हे मला आजवर कळलेले नाही. मुलाला त्या विषयांची खरी ओढ असेल तर गोष्ट वेगळी. शाखा कोणतीही घ्या, पण अकरावीला दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान हा विषय, किंवा विज्ञान शाखेत बायफोकल (व्यावसायिक) विषय, त्या कनिष्ठ महाविद्यालयात मिळतो का हे विचारा. एक भाषा कमी झाल्याने दोन वर्षांचे ओझे किती हलके होते, हे मुलेच सांगतात. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते. पुस्तपालन मात्र टळत नाही.

तिसरी पायरी: प्रमाणपत्र

येथे मी स्वतः अडखळले आहे, म्हणून येथे थांबून वाचा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. त्याच्या कलम ३२ नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि कमाल वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट मिळते, मात्र अक्षमता ४० टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणित असावे लागते. नागपूरच्या धंतोलीतल्या खासगी मानसशास्त्रज्ञाने दिलेला वीस पानी अहवाल निदानासाठी आणि उपचारात्मक अध्यापनासाठी मोलाचा असतो. राखीव जागेसाठी तो चालत नाही. तेथे शासकीय प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डच (दिव्यांगांचे केंद्रीय ओळखपत्र) लागते.

आता मुख्य मुद्दा. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी करावी लागते आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्रच आयुष्यभर चालते. म्हणजे शाळेत असताना मिळालेला कागद तात्पुरता असतो, आणि आपल्याकडे मुले अठरा वर्षांची नेमकी बारावीच्या आगेमागे होतात.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाला बारावीच्या परीक्षेच्या काळातच अठरावे वर्ष पूर्ण झाले. त्याचे कार्ड मी स्वतः फाईलमध्ये लावले होते; शिक्का पाहिला, टक्के पाहिले, तारीख पाहिली नाही. जूनमध्ये कागदपत्रांच्या पडताळणीला खिडकीपलीकडच्या लिपिकाने कार्डावरच्या मुदतीवर बोट ठेवले, आणि तो बरोबर होता. त्यानंतर रुग्णालयात चाचणीची तारीख मिळेपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. त्या मुलाने खुल्या गटातून, जास्त शुल्क भरून प्रवेश घेतला आणि पहिले सत्र वाढीव वेळेविना दिले. चूक माझी होती, त्याच्या आईने एका शब्दानेही तसे म्हटले नाही, आणि म्हणूनच ती विसरता येत नाही.

म्हणून आजच मुलाची जन्मतारीख आणि कार्डाची मुदत एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहा. अठरावा वाढदिवस बारावीच्या वर्षात येत असेल तर वाढदिवसानंतर पहिल्याच आठवड्यात फेरतपासणीसाठी अर्ज करा; ‘परीक्षा होऊन जाऊ द्या’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला येथे ऐकू नका. वाढदिवस प्रवेशाच्या फेऱ्यांमध्येच येत असेल तर अर्ज भरताना जुने कार्ड वैध असले तरी पडताळणीच्या दिवशी ते वैध असेल का, हे पाहा. वाढदिवस प्रवेशानंतर असेल तर जुने कार्ड चालेल, पण नवे लगेच करून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक परीक्षेला तेच मागितले जाईल.

अर्ज यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर करावा लागतो आणि तेथे रुग्णालय निवडावे लागते. नागपुरातले मेडिकल असो वा मेयो (दोन्ही शासकीय रुग्णालये), निवडण्याआधी मानसोपचार विभागाच्या ओपीडीत प्रत्यक्ष जाऊन अध्ययन अक्षमतेची चाचणी कोणत्या वारी होते, किती फेऱ्या लागतात आणि ती मुलाच्या शिक्षणाच्या माध्यमात होईल का, हे विचारून घ्या. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला दिला तर अडचण भाषेची की अक्षमतेची, हे कोण सांगणार? बुद्ध्यांक चाचणी आणि त्यानंतरची निमहान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी-मालिका एका दिवसात होईल असे धरून चालू नका. वाढदिवसाची मुदत आड येत नसेल तर हे काम पावसाळ्यात करा. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात, रांगेत तीन तास उभे राहून दमलेले मूल चाचणीला बसवणे योग्य नाही.

सोबत डोळे आणि कान तपासल्याचे कागद, आधीचे अहवाल आणि मुलाने स्वतः लिहिलेल्या वह्या न्या. वह्या खरोखर त्याच्याच हातच्या असाव्यात. एक आई कौतुकाने स्वतः उतरवून दिलेल्या सुबक वह्या घेऊन आल्या होत्या. याउलट ‘मुद्दाम चुकीचे लिही’ असे मुलाला शिकवणारे पालकही मी पाहिले आहेत. तपासणाऱ्याला ते कळते, आणि न कळले तरी खरी अडचण असलेल्या मुलाला खोटे बोलायला लावणे मला मान्य नाही.

अक्षमता ४० टक्क्यांहून कमी ठरली तर राखीव जागा नाही, पण सगळे संपले असेही नाही. लेखनाची अडचण असलेल्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट न लावता लेखनिक मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये म्हटले आणि त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने तशा सूचना काढल्या. अशा सूचना बदलत राहतात, म्हणून सध्या लागू असलेल्या सूचनांची छापील प्रत फाईलमध्ये ठेवा.

चौथी पायरी: प्रवेश परीक्षा

जेईई मेन आणि नीटसाठी तासाला २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या परीक्षेला एक तास वाढीव मिळतो. अर्ज भरतानाच दिव्यांग हा रकाना भरा, नंतर भरू म्हणू नका, आणि केंद्रावर कागद सोबत न्या. नीटच्या केंद्रावर हा तास नाकारला गेलेल्या डिस्ग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीची बाजू सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये उचलून धरली. फेरपरीक्षा मात्र तिला मिळाली नाही. लेखनिक स्वतः नेण्याची मुभा असेल तर हुशार नव्हे, संथ आणि शांत मुलगा निवडा, आणि त्याच्यासोबत किमान दहा पूर्ण सराव प्रश्नपत्रिका सोडवून घ्या.

पाचवी पायरी: कॉलेज पाहणे

प्राचार्यांना भेटू नका. ते ‘आम्ही सर्वतोपरी सहकार्य करतो’ म्हणतील आणि ते खरेही असेल, पण लेखनिकाचा अर्ज त्यांच्या टेबलावर येत नाही. परीक्षा विभागात जा आणि मागच्या वर्षी किती मुलांना लेखनिक दिला, अर्ज सत्राच्या कितव्या आठवड्यात घेता आणि प्रात्यक्षिक व अंतर्गत चाचणीलाही वाढीव वेळ देता का, हे विचारा. नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात सत्रान्त परीक्षेची परवानगी विद्यापीठापर्यंत जाते. स्वायत्त कॉलेजात परीक्षा विभाग त्याच इमारतीत असतो आणि अंतर्गत मूल्यमापन सहसा अधिक असते, म्हणून गुण सारखे असल्यास मी स्वायत्त कॉलेज सुचवते. हे प्रश्न मुलानेच विचारावेत. पालकांनी दाराबाहेर बसावे, कारण सप्टेंबरमध्ये लेखनिक आला नाही तर त्या खिडकीवर उभे राहण्यासाठी आई-बाबा कॉलेजात नसतील.

प्रवेश मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रमाणपत्राची प्रत जोडून परीक्षा विभागाला अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.