पाण्यातल्या बुडबुड्यातून प्रकाश: ठाणे–नवी मुंबईच्या दमट हवेत ध्वनिदीप्तीचा प्रयोग कसा करावा

पाण्यात तरंगत ठेवलेल्या एका बुडबुड्यावर नेमक्या वारंवारतेचा ध्वनी सोडला, की तो दर सेकंदाला पंचवीस हजारांच्या आसपास वेळा फुगतो आणि कोसळतो. प्रत्येक कोसळण्यात प्रकाशाची एक क्षणिक लकेर निघते आणि डोळ्याला सलग निळसर ठिपका दिसतो. हीच ध्वनिदीप्ती. 1934 साली कोलोन विद्यापीठात फ्रेन्झेल आणि शुल्टेस यांना असा प्रकाश प्रथम आढळला, पण तो बुडबुड्यांच्या गर्दीतून आलेला होता. एकटा बुडबुडा धरून चमकवणं फेलिपे गायतान आणि लॉरेन्स क्रम या संशोधकांना 1980 च्या दशकाच्या अखेरीस जमलं. आपण तोच प्रयोग करणार आहोत.

सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, तसंच बुडबुड्याच्या पोटात होतं, फक्त टोकाला गेलेलं. साधारण 5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येचा बुडबुडा 50 पर्यंत फुगून अर्ध्या मायक्रॉनवर येतो. आतला वायू दहा हजार अंशांच्या घरात तापतो. नायट्रोजन-ऑक्सिजनची त्या उष्णतेत संयुगं होऊन पाण्यात विरघळतात, मागे मुख्यतः आर्गॉन उरतो, आणि चमकतो तो हाच.

जुळणी

100 मिलीचा गोल बुडाचा बोरोसिलिकेट काचेचा चंबू घ्या. सपाट बुडाचा चालणार नाही. पीझो सिरॅमिकच्या (वीज दिली की थरथरणाऱ्या सिरॅमिकच्या) दोन सारख्या चकत्या (व्यास सुमारे 20 मिमी, जाडी 6 मिमी) चंबूच्या मध्यरेषेवर समोरासमोर एपॉक्सीने चिकटवा. दोन्हींची सारख्याच ध्रुवाची (+ किंवा −) बाजू काचेकडे हवी. एक उलटी लागली तर त्या एकमेकींविरुद्ध ढकलतात आणि मध्यभागी दाबच तयार होत नाही. तळाशी एक लहान चकती मायक्रोफोन म्हणून लावा. एपॉक्सीत हवेची पोकळी राहू देऊ नका. चंबू मानेने टांगा, तळाला आधार नको.

फंक्शन जनरेटर (हव्या त्या वारंवारतेचा संकेत देणारा), 20-30 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि ऑसिलोस्कोप (संकेताची लाट पडद्यावर दाखवणारा) लागेल. ही उपकरणं कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मिळवणं सर्वांत सोपं. अ‍ॅम्प्लिफायर जुन्या एबी वर्गाचा बघा. स्वस्त डी वर्गाचे बरेच बोर्ड 20 किलोहर्ट्झच्या वर मान टाकतात.

चकत्या विजेच्या दृष्टीने कपॅसिटर असतात, म्हणून त्यांच्याबरोबर एकसरीत कॉइल जोडावी लागते. तारांसकट कपॅसिटन्स मोजा. समजा 2 नॅनोफॅरड आला, तर 25 किलोहर्ट्झला 20 मिलीहेन्रीची कॉइल हवी. कॉइल आणि चकत्यांचा असा मेळ बसला की चकत्यांवर काहीशे व्होल्ट चढतात. जोड उघडे ठेवू नका. अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना चंबूला हात लावू नका.

पाणी

सगळं यश इथे ठरतं. डिस्टिल्ड पाणीच घ्या. नळाचं नको, मग ते मोरबे धरणाचं असो की शहाड-टेमघर योजनेचं. वेगळ्या, मोठ्या गोल बुडाच्या चंबूत ते 15 मिनिटं खळखळून उकळा. आधी आच काढा, मग लगेच बूच घट्ट लावा. आच चालू असताना बूच लावलं तर स्फोट होईल. थंड होताना आत निर्वात पोकळी तयार होते, म्हणूनही चंबू गोलच हवा, आणि चष्मा लावा. गार झालं की काचेच्या कडेने, आवाज न करता, प्रयोगाच्या चंबूत मानेच्या मुळापर्यंत ओता. ओतताना थोडी हवा परत शिरते, ती शिरू द्या: संपृक्ततेच्या (पाण्यात जास्तीत जास्त मावू शकणाऱ्या हवेच्या) साधारण 20 टक्के हवा हवी असते.

पाणी गार असेल तर प्रकाश कैक पटींनी वाढतो, म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचा मोह होतो. आपल्याकडे गडबड इथेच होते. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाखालच्या वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन साचते ते तापमान) 25 अंशांजवळ असतो. फ्रिजमधला चंबू बाहेर आला की मिनिटभरात घामेजतो आणि चकत्यांच्या जोडांवर ठिणग्या उडतात. त्यामुळे हा प्रयोग एसी खोलीत करा, पाणी 16-18 अंशांवर ठेवा आणि जोडांवर सिलिकॉनचा थर द्या. थंडीतली रात्र मिळाली तर उत्तमच.

बुडबुडा पकडणे

100 मिलीच्या गोळ्याचा आतला व्यास 5.8 सेंमीच्या आसपास. पाण्यातला ध्वनिवेग 1480 मीटर प्रतिसेकंद भागिले व्यास, म्हणजे सुमारे 25.5 किलोहर्ट्झ. काच आणि गोंदामुळे आकडा सरकतो, तेव्हा 24 ते 29 मध्ये 10-10 हर्ट्झच्या पावलांनी शोधा. मायक्रोफोनचा संकेत एका जागी एकदम उंचावतो. पाणी एक अंशाने तापलं तर ही जागा सुमारे 50 हर्ट्झने वर सरकते, म्हणून दर काही मिनिटांनी पुन्हा जुळवत राहा.

ड्रॉपरने थोडं पाणी घेऊन पृष्ठभागावर एक थेंब टाका. तयार झालेले बुडबुडे मध्याकडे ओढले जाऊन एक होतात. आता अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज हळूहळू वाढवा. बुडबुडा आधी नाचतो, मग अचानक शांत आणि बारीक होतो, आणि मायक्रोफोनच्या लाटेवर एक बारीक थरथर दिसते. दिवे घालवा, डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. घोडबंदर रोडवरच्या होर्डिंगचा उजेड पडद्यातूनही येतो, तेव्हा खिडकीला काळा कागद लावा.

नाचणं थांबतच नसेल तर पाण्यात हवा जास्त आहे, पुन्हा उकळा. बुडबुडा विरघळून जात असेल तर हवा कमी आहे किंवा दाब अपुरा. चमकून लगेच फुटत असेल तर आवाज जास्त झाला. बुडबुडा चमकतो तो ध्वनिदाबाचा पट्टा 1.2 ते 1.4 वातावरण दाब एवढाच अरुंद आहे. रूळ किंवा हमरस्ता जवळ असेल तर स्टँडखाली जाड स्पंज घाला. उघड्या चंबूतलं पाणी तासा-दोन तासांत हवा शोषून घेतं, त्यामुळे उकळलेल्या पाण्याचा दुसरा चंबू बूच लावून तयार ठेवा.