शिक्षणशुल्क माफीच्या जागा मागून घ्याव्या लागतात

घरात शिक्षणासाठी शिल्लक नसेल, तर महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत शिक्षणशुल्क माफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, जागांचा विचार आधी करावा. मंजूर क्षमतेच्या ५ टक्के असलेल्या या अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांव्यतिरिक्तच्या, जागा वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी असलेल्या विद्यार्थ्यांना गुणवत्तेनुसार दिल्या जातात. मात्र त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडून, अर्जात योजनेला होकार देऊन, पसंतीक्रम भरताना त्या शाखेचा टीएफडब्ल्यूएसचा स्वतंत्र संकेतांक निवडावा लागतो. नेमके हेच पुष्कळांकडून राहून जाते. स्पर्धा तीव्र असल्याने सर्वसाधारण संकेतांकही त्याखाली नोंदवावा. माफी केवळ शिक्षणशुल्काची असते, विकास शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च उरतोच, शिवाय पुढे महाविद्यालय बदलता येत नाही. म्हणून घरून ये-जा करता येईल असे बरे महाविद्यालय वरच्या क्रमांकावर ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, उत्पन्नाची हीच मर्यादा पाळून, २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. त्यांनी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर मुदतीत अर्ज करावा.