राइडची मोबाइल-नोंदणी लांबली, तर रांग कशी सांभाळायची

फ्लेक्स लागलेला असतो: "आता रांगेत उभं राहू नका, मोबाइलवर वेळ घ्या आणि थेट राइडवर या." उद्घाटनाचा दिवस उजाडतो आणि ती सोय तयार नसते. खानदेशात हायवेलगतचा वॉटर पार्क असो, पालिकेच्या उद्यानातली झुकझुक गाडी असो की सारंगखेड्याच्या, अमळनेरच्या यात्रेत उभा राहणारा आकाशपाळणा, ज्यांनी अशी सोय आणायचं ठरवलंय त्यांनी उशीर गृहीत धरूनच चालावं. लोक थांबायला तयार असतात. किती थांबायचं ते कळत नाही, आणि दिलेला शब्द फिरतो, तेव्हा ते चिडतात. त्यामुळे यंत्रणा येईपर्यंतचे दिवस कागद, घड्याळ आणि खरं बोलणारी पाटी यांवर काढायचे असतात. ते कसे काढायचे, ते पुढे दिलं आहे.

उशीर कुठे होतो

सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस बहुधा वेळेत काम देतो. अडतं ते दुसरीकडेच. "तुमची वेळ ५.३० ते ६" असा एसएमएस पाठवायचा, तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे आधी डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर) संस्थेची नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव आणि संदेशाचा ठरलेला मसुदा मंजूर करून घ्यावा लागतो. मसुद्याशी न जुळणारा संदेश मोबाइल कंपनी वाटेतच अडवते. परिणाम असा की ग्राहक बटण दाबतो, संदेश येत नाही, आणि तो खिडकीवर येऊन उभा राहतो. हे काम सॉफ्टवेअरच्या आधी सुरू करा. मसुद्यात एक शब्द बदलला तरी पुन्हा मंजुरी लागते, म्हणून वाक्य पहिल्यांदाच पक्कं ठरवा.

दुसरी अडचण नेटवर्कची. यात्रेच्या मैदानात हजारो माणसं एकाच टॉवरवर असतात. तिथे यूपीआयचं पान फिरत राहतं, तर नोंदणीचं काय चालणार? गेटवरच्या मशीनमध्ये त्या दिवसाची यादी आधीच उतरवून ठेवता आली पाहिजे आणि नेट नसताना ग्राहकाच्या मोबाइलवरचा कोड तपासता आला पाहिजे. पुरवठादार "नेट लागेलच" म्हणाला, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ही सुधारणा मागा. तिसरी गोष्ट उन्हाची. दुपारच्या उजेडात मोबाइलचा पडदा काळा दिसतो, कोड वाचला जात नाही. गेटवर छत हवं, आणि कोडखाली चार आकडी नंबर मोठ्या अक्षरात हवा, म्हणजे माणूस तो तोंडानेही सांगू शकतो.

आधी राइडची खरी क्षमता काढा

हे न करता वाटलेलं टोकन (ठरलेल्या वेळी येण्याची चिठ्ठी) म्हणजे हमखास भांडण. १६ पाळण्यांचा चक्र घ्या, प्रत्येकात ४ जण. बसवणं आणि उतरवणं एकाच थांब्यावर होतं. एका पाळण्याला २५ सेकंद धरले तर १६ पाळण्यांना ६ मिनिटं ४० सेकंद. वर ३ मिनिटं २० सेकंद फिरणं. म्हणजे एक फेरी १० मिनिटांची, तासाला ६ फेऱ्या. कागदावर ३८४ माणसं होतात. पण कुटुंबं वेगळी बसतात, पाळण्यात सरासरी ३ जणच येतात, म्हणजे २८८. त्यातून वीज जाणं, जनरेटरवर घेणं, रडणाऱ्या पोराला उतरवणं यासाठी दहा टक्के काढले की उरतात साधारण २६०. हाच आकडा खरा. पाळणेवाल्याने तोंडी सांगितलेला आकडा घेऊ नका. गर्दीच्या संध्याकाळी घड्याळ लावून सलग सहा फेऱ्या मोजा.

आता या २६० पैकी टोकनला किती द्यायचे? निम्मे, म्हणजे १३०. त्यापुढे जाऊ नका. कारण समजून घ्या. थेट रांगेत, म्हणजे टोकन न घेता, १०० माणसं उभी आहेत. टोकनं वाटलीच नसतील तर ती २३ मिनिटांत संपतात. निम्म्या जागा टोकनला गेल्या की त्याच शंभरांना ४६ मिनिटं लागतात. टोकनला ८० टक्के दिले, तर थेट रांगेला तासाला ५२ जागाच उरतात आणि शंभरावा माणूस जवळपास दोन तास उभा राहतो. त्याच्या डोळ्यांसमोरून पाचातली चार माणसं पुढे जातात. तो ओरडला, तर चूक त्याची नाही. पाटीवर वेळ लिहितानाही हाच घोळ होतो: रांग मोजून ती पूर्ण क्षमतेने भागतात. थेट रांगेची वेळ नेहमी थेट रांगेच्या वाट्याने भागायची.

कागदी टोकन

अर्ध्या तासाचा एक गट, एका गटात ६५ टोकनं. रोज वेगळ्या रंगाचा कागद, क्रमांक छापलेला, मधोमध फाडता येणारा. गटाची वेळ बोटाएवढ्या अक्षरात. नंबर लहान चालतो, वेळ लहान चालत नाही. माणशी एक टोकन द्या, कुटुंबाला एक नको, नाहीतर गेटवर चारांचे नऊ होतात. रबरी शिक्का दिवसातून एकदा बदला.

उंचीची पट्टी टोकनच्या खिडकीवरच लावा. ही गोष्ट लहान वाटते, पण सगळ्यात कडू प्रसंग इथूनच उभा राहतो: पोराला टोकन मिळतं, ते तासभर वाट बघतं, आणि गेटवर "उंची कमी आहे" म्हणून परत पाठवलं जातं. पोर रडतं, बाप गेटवाल्याची कॉलर धरतो. खिडकीवरच नाही म्हटलं, तर तेच कुटुंब हसत लहान ड्रॅगन ट्रेनकडे वळतं.

उशिरा येणाऱ्याला २० मिनिटांची सवलत ठेवा. लोक भरीत-पुरी खायला बसलेले असतात, आजीला घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून चालत येतात. पाच मिनिटांवरून अडवणूक केली, तर वाचते एक जागा आणि दुखावतं एक अख्खं गाव. मात्र आधी येणाऱ्याला आत घेऊ नका. तिथे ढिलाई झाली की दोन गट एकमेकांत मिसळतात आणि त्या दिवसाचं वेळापत्रक पुन्हा सावरत नाही. गेटवर एकच मोठं भिंतीवरचं घड्याळ, आणि वाद झाला तर तेच खरं.

लोक काय म्हणतात आणि त्याचा अर्थ

"कितला येळ लागी, भो?" हा प्रश्न दिवसातून पाचशे वेळा येईल. त्याचं उत्तर आकड्यात द्या: "पाऊण तास लागी, माय." "बघू", "लागेल थोडा वेळ", "नंबर येईल तुमचा" ही उत्तरं बंद करा. अंदाज चुकायचाच असेल, तर जास्त सांगून चुकू द्या. ५० सांगून ४० लागले तर माणूस खूश होऊन वर चढतो, ४० सांगून ५० लागले तर तो घरी जाऊनही तेच सांगतो.

जाहिरात वाचून तळोदा, धडगावकडून एसटीने आलेल्या माणसाचा राग वेगळा असतो. त्याने सोयीच्या भरवशावर दिवस ठरवलेला असतो, परतीच्या गाडीची वेळ डोक्यात असते. त्याला खुलासा देत बसू नका. त्याच्याकडे आधीच्या नोंदणीचा पुरावा असेल तर जवळच्या गटाचं टोकन हातात द्या. पैसे भरलेले असतील तर तिथेच रोख परत करा आणि वहीत सही घ्या. "बँकेत सात दिवसांत जमा होतील" हे वाक्य त्याने पन्नास रुपयांसाठी ऐकून घ्यावं, अशी अपेक्षा करू नका.

सोय लांबली म्हणून सुटकेचा श्वास टाकणारेही बरेच असतात. साधा फोन असलेला शेतकरी, नातवाला घेऊन आलेली आजी, घरात एकच मोबाइल आणि तोही चार्जिंग संपलेला. मोबाइलवाले पुढे जातील आणि आपण मागे राहू, ही त्यांची भीती खरी आहे, पण ते तक्रार करायला येत नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं नोंदलं जात नाही. मोबाइल-नोंदणी सुरू झाल्यावरही कागदाची खिडकी कायम ठेवा आणि टोकनच्या १३० जागांतल्या किमान ४० त्या खिडकीला द्या.

आणि एक प्रश्न हमखास येतो: "आता रांगेचेही पैसे घेणार का?" हा संशय उगाच नाही. डिस्नेच्या पार्कांत १९९९पासून फास्टपास, म्हणजे ठरलेल्या वेळी येऊन लांब रांग टाळायचा पास, फुकट मिळत असे. जीनी नावाची नवी सोय २०१९च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली, २०२०च्या शेवटी येणार होती. मार्च २०२०मध्ये पार्कच बंद पडले आणि ती प्रत्यक्षात १९ ऑक्टोबर २०२१ला फ्लोरिडात सुरू झाली. तोवर फुकटचा फास्टपास गेलेला होता आणि रांग टाळायची सोय देणाऱ्या जीनी प्लससाठी माणशी दिवसाला १५ डॉलर मोजायचे होते. कंपनीने यूट्यूबवर टाकलेल्या ओळख-चित्रफितीला आवडीपेक्षा नावडीच कितीतरी जास्त मिळाल्या. उशीर लोकांनी सोसला असता. मधल्या काळात हातातलं काढून घेतलेलं खुपलं. म्हणून टोकन मोफत असेल तर तसं ठसठशीत लिहा, आणि पुढे पैसे लावायचा विचार असेल तर तो आजच सांगा.

त्याच कंपनीची एक रीत मात्र उचलण्यासारखी आहे. डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालेल्या स्टार वॉर्सच्या नव्या राइडचे गट सकाळी काही मिनिटांत संपत. त्यापुढच्यांना "राखीव" गट मिळे आणि नंबर लागेलच असं नाही, हे त्यांना आधी स्पष्ट सांगितलं जाई. आपल्याकडेही ६५ संपल्यावर पुढची १० टोकनं द्यायची असतील, तर ती पांढऱ्या कागदावर द्या, "राखीव, जागा उरली तरच" असं छापून. रंगीत टोकनात ती कधीही मिसळू नका.

सावलीचा हिशेब

टोकन घेतलेला माणूस रांगेतून सुटतो, पण मैदानातून जात नाही. त्याला कुठेतरी बसायचं असतं. २०१७मध्ये फ्लोरिडात सुरू झालेल्या व्होल्केनो बे वॉटर पार्कने मनगटी पट्ट्यावर रांग दिली, पण तिथे नंबर येईपर्यंत लाटांचा तलाव आणि वाहत्या पाण्याची नदी होती. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ला टेकतो. अशा वेळी दीड तासाचं टोकन हातात देऊन उघड्यावर सोडणं हे मंडपातल्या पाऊण तासाच्या रांगेपेक्षा वाईट. एका गटाचे ६५ आणि त्यांच्यासोबत आलेले न बसणारे धरून शंभर माणसांची सावली, माठ आणि बाकं आधी. ती नसतील तर मे महिन्यात दुपारी १२ ते ४ टोकन बंद ठेवून फक्त मंडपातली थेट रांग चालवा. लोखंडी सीटवर ओलं पोतं फिरवायला एक माणूस ठेवा. दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत हा प्रश्न नसतो, तिथे रात्रीच्या थंडीत लहान मुलांना आडोसा लागतो.

पाटी

"तांत्रिक कारणास्तव" आणि "लवकरच" हे दोन शब्द खोडा. तारीख पक्की नसेल तर लिहू नका. एकदा चुकलेली तारीख दुसऱ्यांदा कोणी मानत नाही. असं लिहा:

"मोबाइलवरची नोंदणी अजून सुरू झालेली नाही. कागदी टोकन खिडकी २ वर, मोफत. पुढचं रिकामं टोकन: ६.३० ते ७. थेट रांग: ४५ मिनिटं (५.१० वाजता मोजली)."

कंसातली मोजल्याची वेळ महत्त्वाची; त्यावरून कळतं की पाटीमागे माणूस जागा आहे. दर २० मिनिटांनी बदला. मोजायची सोपी रीत: रांगेच्या शेवटच्या माणसाला वेळ लिहिलेलं लाल कार्ड द्या, राइडच्या दारात परत घ्या आणि दोन वेळांतला फरक पाहा. डिस्नेतही लाल कार्डाने असंच मोजत आले आहेत. बाहेर पडताना दर तासाला वीस जणांना तीनच प्रश्न विचारा: किती वेळ सांगितला होता, किती लागला, पाटी वाचली का. "कसं वाटलं?" विचाराल तर सगळे "चांगलं" म्हणतील आणि हाती काही लागणार नाही.

पाळणा बंद पडला तर

४० मिनिटांचा बंद म्हणजे सुमारे १७३ जणांची पाळी गेली, त्यातले ८७ टोकनवाले. त्यांच्या टोकनावर "आज कधीही" असा शिक्का मारा आणि खिडकीवर नवी टोकनं लगेच थांबवा. पुढचे गट आधीच वाटलेले असतील, तर हे ८७ थेट रांगेच्या वाट्यातून बसवावे लागतात: दर अर्ध्या तासाला २२ जास्त, म्हणजे दोन तासांत संपतात. तेवढा वेळ थेट रांगेला अर्ध्या तासात ६५ऐवजी ४३ जागा. शंभरांची रांग ४६ऐवजी ७० मिनिटांची होते. पाटी त्याच क्षणी बदला, रांगेतल्यांना भोंग्यावर सांगा, आणि ज्यांना निघायचंय त्यांना तिकिटाचे पैसे द्या.

मोबाइल-नोंदणी आली की

एकाच राइडवर, साध्या वारी, ५० जणांपासून. मग आठवडे बाजाराच्या दिवशी, कारण नेटवर्कची खरी परीक्षा तिथेच होते. रथाच्या दिवशी किंवा यात्रेच्या मुख्य दिवशी कधीही पहिल्यांदा सुरू करू नका. पहिले दोन आठवडे रोज सकाळी कागदी टोकनांचा पूर्ण गठ्ठा शिक्का मारून तयार ठेवा. यंत्रणा बंद पडली की पाच मिनिटांत कागदावर येता आलं पाहिजे. नोंदणीत फक्त मोबाइल नंबर आणि माणसांची संख्या मागा. पाळण्याला आधार कार्ड लागत नाही.

रात्री १० ला बंद करायचं असेल आणि रांग ४० मिनिटांची असेल, तर ९.२० ला शेवटच्या माणसामागे "रांग इथे संपली" ही पाटी धरून एक जण उभा करा. भरलेला चक्र रिकामा व्हायलाच सात मिनिटं जातात. टोकनचा शेवटचा गट ९ ते ९.३०चा. खिडकीशेजारी परतीच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा डेपोतून आणून रोज लिहा, आणि बाहेरगावच्या माणसाला टोकन देताना आधी विचारा, "गाडी कितीची?" गाडीच्या किमान एक तास आधी संपणारा गट नसेल, तर त्याला टोकन देऊ नका, थेट रांग किती मिनिटांची आहे ते सांगा आणि ठरवणं त्याच्यावर सोडा.