मौन प्रार्थनेला बसताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही दहा-बारा जण जमतो आणि २० मिनिटं गप्प बसतो. वसईकडचं साधं धर्मग्राम आहे आमचं, मोठं आध्यात्मिक केंद्र वगैरे काही नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक क्रूस, एक मेणबत्ती आणि एक पंखा, जो तीनवर ठेवला की टकटक वाजतो आणि दोनवर ठेवला की डास चावतात. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, सुरू केलं तेव्हा तीसेक जण आले होते, ईस्टर उलटला आणि नऊ उरले, त्यातले दोघं तर पहिल्यांदा रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आहे समजून आले होते. गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांशी नंतर बोललो, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने एकच, "मला नाही जमत." खरं म्हणजे त्यांना जमत होतं. आम्हीच त्यांना भलत्याच गोष्टी मोजायला लावल्या होत्या, म्हणून हे लिहितोय.

मौनात सुद्धा बोलत राहणं

ही चूक माझी स्वतःची म्हणून आधी तीच. ग्रुप मी चालवायचो आणि मला वाटायचं लोकांना अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून मग "आता डोळे मिटा... खांदे सैल सोडा... प्रभू तुमच्या शेजारी बसलाय... आता तुमच्या चिंता त्याच्या पायाशी ठेवा..." असं माझं चालूच. त्यात आमचा कीबोर्डवाला पोरगा, शांतता झाली की त्याचे हात शिवशिवतात, मिस्सात, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, कम्युनियनचा प्रसाद घेतल्यावर सुद्धा दोन सेकंद रिकामे सोडत नाही, तो मागून हळूच काहीतरी वाजवायचा. एका गुरुवारी सगळं आटोपल्यावर पुढच्या खुर्चीतल्या मावशी, सत्तरीच्या पुढच्या, चप्पल शोधता शोधता मला म्हणाल्या, "बाळा, तू थांबलास की मी सुरू करणार होते. देव पण थांबला असेल रांगेत."

घरी येऊन हिशोब केला तर २० मिनिटांतली पंधरा मीच खाल्ली होती. तेव्हापासून ठरवलं, सुरुवातीला स्तोत्रातल्या दोन ओळी वाचायच्या, परत एकदा सावकाश वाचायच्या, घंटी, मग काहीच नाही, २० मिनिटांनी परत घंटी आणि प्रभूची प्रार्थना म्हणून घरी. फ्रान्समधल्या तेझे गावात, जिथे ब्रदर रोजे १९४० मध्ये येऊन राहिले आणि पुढे त्यांचा ख्रिस्ती ब्रदरांचा संघ उभा राहिला, तिथे जगभरातली तरुण पोरं जमतात, छोटी छोटी गाणी पुन्हा पुन्हा गातात आणि प्रार्थनेच्या मधोमध चांगली लांब शांतता असते, कोणी माइक घेऊन ती भरायला धावत नाही. तरुणांना शांतता झेपत नाही ही आपलीच समजूत आहे.

याचा अर्थ मोठ्याने केलेली प्रार्थना कमी दर्जाची असा कोणी काढू नका हं. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली रडून ओरडून प्रार्थना करत होत्या, तेही खरंच होतं. पण गप्प बसायला बोलावलंय तर गप्प बसू द्या.

विचार थांबवायची खटपट

नव्या माणसाची तक्रार हमखास ही. "डोळे मिटले की गॅस सिलिंडर, पोराची फी, सोसायटीची मीटिंग, सगळं एकदम येतं." येणारच हो. विरार लोकलमधून उतरून आलेलं डोकं घंटी वाजली म्हणून बंद पडत नाही. चूक विचार येण्यात नाहीये, आलेल्या विचाराशी भांडत बसण्यात आहे, कारण विचाराला हाकलणं हा पण एक विचारच, आणि मग आपण प्रार्थनेला नाही, वॉचमनच्या ड्युटीवर बसतो.

यावर जुना उपाय म्हणजे एक छोटा शब्द किंवा ओळ धरायची आणि भरकटलो असं लक्षात आलं की मुकाट तिथे परत यायचं. पाचव्या शतकात जॉन कॅसियनने इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंची शिकवण लिहून ठेवली, त्यात ७० व्या स्तोत्राची पहिलीच ओळ धरायला सांगितलीये, देवा माझ्या मदतीला धाव, एवढीच, दिवसभर. विसाव्या शतकात बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन यांनी 'मारानाथा' हा अरामी शब्द दिला, करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटी आहे तो, प्रभू ये असा अर्थ. १९७० च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सरच्या ट्रॅपिस्ट मठातून सेंटरिंग प्रेयर ही मौन प्रार्थनेची पद्धत निघाली, तिथेही एक शब्द आणि दिवसातून दोनदा २० मिनिटं. मराठी माणसाला यात नवीन काय वाटायचं, नामस्मरण आपल्या पाण्यातच आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपलेच ना.

फक्त शब्द सारखा बदलू नका. आमच्यात एक दादा आहेत, त्यांचा एका आठवड्यात 'येशू', पुढच्या आठवड्यात 'शांती', मग 'पित्या', मग कुठेतरी ऐकलं म्हणून ग्रीक काहीतरी. रिमोट हातात घेऊन चॅनल बदलल्यासारखं. त्यांना विचारलं तर म्हणाले अजून 'लागला' नाही. शब्द लागायला तो लॉटरीचा नंबर आहे का!

आणि शब्द आपल्या तोंडचा असू द्या. घरी सामवेदी ही वसईची बोली बोलणारी आमची माणसं प्रार्थनेला बसली की एकदम "हे परमदयाळू" वगैरे छापील मराठीत शिरतात, जणू देवाला वाडीतली बोली कळत नाही. एका ताईंनी महिनाभराने स्वतःहून, आईला हाक मारतात तशी घरच्या बोलीत हाक मारायला सुरुवात केली आणि म्हणाल्या, आता मला परत येताना लांबून आल्यासारखं वाटत नाही.

"आज काय अनुभव आला?"

सगळ्यात जास्त नुकसान या प्रश्नाने केलं. मौन संपलं की आम्ही शेअरिंग ठेवायचो. पहिली व्यक्ती सांगणार मला ऊब जाणवली, दुसरी सांगणार मला प्रकाश दिसला, तिसऱ्याच्या डोळ्यात पाणी, आणि चौथा बिचारा, ज्याला गुडघेदुखी सोडून काही जाणवलं नाही, तो काय बोलणार? तो पुढच्या गुरुवारी येत नाही. किंवा वाईट म्हणजे, पुढच्या वेळी तोही काहीतरी जाणवून घेतो.

आविलाची संत तेरेसा (१५१५ ते १५८२), प्रार्थनेतली केवढी मोठी गुरू, तिने आत्मचरित्रात सरळ लिहून टाकलंय की काही वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतोय याकडेच जास्त असायचं. शिवाय हातात पुस्तक असल्याशिवाय बसायची तिची हिंमत व्हायची नाही. हे मी ग्रुपमध्ये वाचून दाखवलं तेव्हा तिघं चौघं हसले आणि एकाने चक्क सुस्कारा टाकला.

तिचंच दुसरं एक उदाहरण आमच्याकडे फार चाललं. प्रार्थना म्हणजे बागेला पाणी देणं, आणि पाणी द्यायच्या चार तऱ्हा. विहिरीतून हाताने शेंदायचं, रहाटाने काढायचं, ओढ्याचं आणायचं, नाहीतर पाऊस पडतो तेव्हा आपल्याला काहीच करावं लागत नाही. हे ऐकल्यावर आमच्यातले वाडीवाले म्हातारे एकदम खुशीत आले, कारण वसईच्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांमध्ये रहाट त्यांनी स्वतः बघितलाय, अर्धा तास रहाट कसा कुरकुरायचा त्यावरच चर्चा झाली. मग त्यातलेच एक अंकल म्हणाले, "शेंदणाऱ्याचे हात दुखतात, पण केळ तर तेवढंच भिजतं." तेरेसा पण त्याच अंगाने सांगते, की कोरड्या विहिरीत पोहरा सोडणाऱ्याने आपलं काम केलं, पाणी देणं मालकाकडे.

म्हणून शेअरिंग आम्ही बंदच केलं. चहा असतो, चहाबरोबर क्रिकेटवर बोला.

"हे योगाचं काहीतरी आहे का?"

थोडक्यात सांगतो कारण यावर भांडणं खूप होतात. १५ ऑक्टोबर १९८९ ला, म्हणजे तेरेसाच्या सणालाच, व्हॅटिकनने ख्रिस्ती ध्यानावर बिशपांना पत्र लिहिलं, सही कार्डिनल रात्झिंगर यांची, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले. त्यात पूर्वेकडच्या पद्धती सरसकट बाद केलेल्या नाहीत, ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा झाकला जाणार नाही इतपत चांगलं ते घ्या असं आहे. मात्र नीट बसल्याने, श्वासाने शरीराला जे छान हलकं वाटतं त्याला पवित्र आत्म्याचं सांत्वन समजणं ही साफ चूक, असंही त्यात म्हटलंय. मुंबईत जन्मलेले जेझुइट संघाचे फादर अँथनी डिमेलो, ज्यांची साधना इन्स्टिट्यूट पुण्यात सुरू झाली आणि मग लोणावळ्याला गेली, त्यांनी श्वास आणि शरीराचं भान प्रार्थनेत आणून कितीतरी लोकांना बसायला शिकवलं, आणि त्यांच्या काही मतांबद्दल १९९८ मध्ये व्हॅटिकनने सावधगिरीची सूचना पण काढली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पाठ ताठ ठेवून बसायला माझी तरी काही हरकत नाही, वाकून बसलं की मला झोप लागते.

झोपेवरून आठवलं, झोप लागली तर अपराधी वाटून घेऊ नका, आधी रात्री वेळेवर झोपा. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला, खायला दिलं, तो परत झोपला, उठवून परत दिलं. देवाची ती शांत मंद वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर चाळीस दिवसांनी डोंगरावर. आणि फोन दुसऱ्या खोलीत. टायमरसाठी ठेवला तरी प्रार्थना ग्रुपवरची गुलाबाच्या फोटोवर वचन छापलेली पोस्ट मधेच टिंग करते.

सगळ्या कोरडेपणाला 'काळोखी रात्र' म्हणणं

इथे मात्र जपून. प्रार्थनेत देव हरवल्यासारखं वाटण्याच्या काळासाठीचा हा शब्द आला स्पेनच्या संत जॉन ऑफ द क्रॉसकडून, ज्यांना १५७७ च्या डिसेंबरात त्यांच्याच संघातल्या भावांनी तोलेदोत कोंडलं, जवळपास नऊ महिने. आपल्याकडे दोन आठवडे प्रार्थनेत मजा नाही आली की लोक म्हणतात माझी काळोखी रात्र चाललीये. खुद्द त्यांनी खुणा सांगून ठेवल्यात, देवाच्या गोष्टीत गोडी नाही आणि इतर कशातही नाही, तरी देवापासून मागे पडतोय याची आतून काळजी, आणि पूर्वीसारखं मनन करता येत नाही. हे असंच उदास प्रकृतीमुळेही होऊ शकतं हेही त्यांना ठाऊक होतं, चारशे वर्षांपूर्वी!

आमच्यात एक जण महिनोन्महिने झोपत नव्हता, जेवत नव्हता, नोकरीवर जायला उठवत नव्हतं, आणि आम्ही भले लोक त्याला सांगत होतो की मौन वाढव, देव तुला शुद्ध करतोय. त्याला मौनात बसवणं म्हणजे त्याच विचारांच्या खोलीत कडी लावून कोंडणं होतं. शेवटी त्याच्या बहिणीने डॉक्टरकडे नेलं. आता तो गोळ्या घेतो, गुरुवारी येतो आणि फक्त १० मिनिटं बसतो, आणि यात काहीही कमीपणा नाही. असं कोणी दिसलं तर आधी डॉक्टर, आणि सरकारची मानसिक आरोग्याची टेलि-मानस हेल्पलाइन आहे १४४१६, ती फुकट आहे. अवर लेडीपुढे, म्हणजे मारियामातेपुढे, मेणबत्ती पण लावा, दोन्ही चालतं.

प्रार्थनेत लपून बसणं

मी सकाळी २० मिनिटं बसायला लागलो ती वेळ नेमकी डबे भरायची. महिनाभर मला भारी वाटत होतं. मग एक दिवस दाराबाहेरून बायकोचा आवाज, "तुमचं आणि देवाचं झालं असेल तर भाजी तेवढी डब्यात भरा." देव भांड्याकुंड्यांमध्येही वावरतो असं तेरेसाने आपल्या सिस्टर लोकांना लिहिलंय, ते मला माहीत होतं, तेच वाक्य मी ग्रुपमध्ये दोनदा वापरलं होतं. आता मी पाच वाजता उठून बसतो आणि साडेपाचला कांदा चिरतो. मौनामुळे तुमच्यात काही फरक पडलाय का हे स्वतःला विचारू नका, घरच्यांना विचारा, आणि उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा.

सोडून द्यायचा निर्णय वाईट दिवशी घेणं

जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलांचा नियम फार कामाचा आहे, मन कोरडं, उदास असताना आधी ठरवलेलं बदलायचं नाही. उलट उठून जावंसं वाटलं की ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसायचं. मी एक मिनिट जास्त बसतो, त्यांच्याइतकी ताकद नाही. सोडायचंच असेल तर चांगल्या दिवशी, फादरशी बोलून, शांतपणे सोडा.

आणि चार दिवस चुकले म्हणून रविवारी बसून भरपाई करू नका. एकाने केलं होतं, सलग ८० मिनिटं, पाय बधिर झाले आणि उठताना मेणबत्ती पाडली, पायपुसणं जळलं. सोमवारी २० मिनिटं, झालं.