शाहीर यायच्या आदल्या रात्री: रेकॉर्डिंगमधली टिकटिक कशी शोधायची

नवरात्र जवळ आलं की कोल्हापुरातल्या घरगुती स्टुडिओंना उसंत नसते. कुणाला अंबाबाईचं गाणं करायचं असतं, कुणाला मंडळासाठी पोवाडा, कुणाला नुसता हलगीचा ट्रॅक. शाहीर एका दमात वरचा सूर लावतात आणि नेमकी तेव्हाच हेडफोनमध्ये ‘टिक’ वाजते. तो सूर पुन्हा तसाच लागेल याची खात्री कोण देणार? म्हणून ही सगळी तपासणी आदल्या रात्रीच उरकून घ्या.

सेटिंगला हात लावण्याआधी दुखणं कुठलं आहे ते ओळखा. बहुतेक जण इथंच चुकतात आणि उगाच नवीन इंटरफेस (माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) घेऊन बसतात. एक चाचणी रेकॉर्ड करा, आवाज बिघडला तिथं वेव्हफॉर्म, म्हणजे स्क्रीनवरची आवाजाची लाट, पुरता मोठा करून बघा. लाटेचे माथे सुरीनं कापल्यासारखे सपाट दिसले तर गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) जास्त झालाय; हलगीच्या थापेला हे हमखास होतं, गेन उतरवला की संपलं. चालती रेघ एकदम उभी तुटलेली दिसली किंवा मध्येच बारीक खाच पडली असली, तर कॉम्प्युटरला वेळेत डेटा पुरवता आलेला नाही. कुणी गात नसतानाही एकसारखी लाट चालू असेल तर ती विजेची गुणगुण, आपल्याकडं ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. आणखी एक बघा. पुन्हा वाजवल्यावर टिक दर वेळी त्याच जागी आली तर ती फाईलमध्ये उतरली आहे. जागा बदलत असेल तर रेकॉर्डिंग बहुधा शाबूत आहे, वाजवताना मशीन दमतंय.

चाचणी हलगीवर घेऊ नका, तिच्या कडकडाटात बारीक टिक लपून जाते. तानपुरा किंवा पेटीचा एकच सूर धरून पंधरा-वीस मिनिटं रेकॉर्ड करा. लांब सुरावर पडलेला एवढासा तडासुद्धा कानाला टोचतो.

विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचाच असिओ (ASIO) ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिरात पोचवणारं सॉफ्टवेअर, टाका आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडलाय ना ते बघा. असिओ फोर ऑल हा कंपनीचा ड्रायव्हर नसेल तेव्हाचा तात्पुरता इलाज. मॅकवाल्यांना त्याच कामासाठी कोअर ऑडिओ असतोच, त्यामुळं ही पायरी बहुतेकदा सुटते.

आता बफर, म्हणजे आवाजाचा डेटा पुढं देण्याआधी कॉम्प्युटर थोडा साठवून ठेवतो तो साठा. सगळ्या भानगडीचं मूळ हेच. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद उशीर, २५६ म्हणजे ६, आणि १०२४ म्हणजे २३. हा उशीर आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा लागतो, वर इंटरफेसचा थोडा वेगळाच. १०२४ वर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागून ऐकू येतो आणि ताल सुटतो. बफर अगदी कमी केला तर प्रोसेसरला सवड मिळत नाही आणि टिकटिक सुरू होते. रेकॉर्डिंगला १२८ किंवा २५६, मिक्सिंगला १०२४, हा हिशोब सहसा जमतो. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग असेल तर ते बिनधास्त वापरा. गाणाऱ्याला थेट आवाज मिळतो आणि बफर मोठा ठेवता येतो. जड प्लगइन (आवाजावरच्या इफेक्टची सॉफ्टवेअरं) रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवा, भरलेले ट्रॅक फ्रीज करून टाका, म्हणजे इफेक्टसकट तयार आवाज साठून राहतो आणि प्रोसेसरवरचा भार उतरतो.

सॅम्पल रेट सगळीकडं एकच हवा. प्रोजेक्ट ४८ वर आणि विंडोजच्या साऊंड सेटिंगमध्ये ४४.१, असं असेल तर तिथंच गडबड होते. यूएसबी माईक आणि इंटरफेस एकत्र जोडू नका. दोघांची घड्याळं वेगळी चालतात, हळूहळू फरक पडत जातो आणि ठरावीक अंतरानं टिक येते.

मशीनची बाकी कामं चटकन होतात. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद, वायफाय आणि ब्लूटूथ बंद, विंडोज अपडेट आणि क्लाउड सिंक थांबवलेलं. तरी टिक आलीच तर लॅटन्सीमॉन हे मोफत सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवा. कुठला ड्रायव्हर अडवून धरतोय त्याचं नाव ते दाखवतं. पुष्कळदा वायफाय किंवा ग्राफिक्सचाच निघतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा, नाहीतर कशानं बरं झालं ते कळणारच नाही.

इंटरफेसची वायर हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा आणि तानपुरा चालू असताना जराशी हलवून बघा. डिस्कचा हिशोबही आधीच करा: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर लागतात, आठ ट्रॅकला तासाला चार जीबीच्या आसपास. पेनड्राईव्हवर थेट रेकॉर्डिंग नको.

लाईटचं मात्र नीट बघा. परतीच्या पावसात ती केव्हा जाईल सांगता येत नाही. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर स्पीकर घुंघुं करतात, म्हणून तो चालू करून एकदा ऐकाच. चार्जर काढल्यावर गुणगुण थांबली तर बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांमधून फिरणारा प्रवाह आवाजात शिरतोय. सगळं साहित्य एकाच बोर्डावर घ्या, बॅलन्स्ड केबल (बाहेरची गुणगुण कापणारी) वापरा. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हणा, तो जिवाशी खेळ आहे. बॅटरीवर गेल्यावर लॅपटॉप आपोआप मंदावतो, तेव्हा बॅटरीसाठीची पॉवर सेटिंगही बदलून ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात तापलेला प्रोसेसरही असाच मंदावतो, लॅपटॉप खालून मोकळा राहू द्या.

सकाळी मशीन रीस्टार्ट करा आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर तेवढं उघडा. सगळ्यांचे मोबाईल बाहेरच्या खोलीत. झीलकरी जमले की सगळे माईक एकदम चालू करून पोवाड्याचा एक चौक पूर्ण घ्या. एका माईकवर निवांत चालणारं मशीन आठ माईकवर अडखळू शकतं. प्रत्येक टेक मंडळी निघायच्या आत हेडफोनवर शेवटपर्यंत ऐका, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि मगच माईक काढा.